शिकलगाराचे काम

शस्त्र घडविणे हे लोहाराचे काम आणि घडलेल्या शस्त्राला झिलई व धार देऊन ते चारचौघांत कमरेला लावण्याजोगे करणे हे शिकलगाराचे, अशी कामाची वाटणी आपल्याकडे पूर्वापार होती. मराठेशाहीच्या राज्यव्यवहारात जे अठरा कारखाने मोजले जात त्यांत शिलेखाना हा शस्त्रांचा स्वतंत्र कारखाना असे. आणि कोकणच्या पावसात किंवा घाटमाथ्यावरच्या धुक्यात पोलादावर गंज चढू न देण्याचे जे कंटाळवाणे, बखरीत नोंद न होणारे काम, ते शिकलगाराच्या हातून होई. बखरकारांनी तलवारीचे पराक्रम लिहिले. तलवार घडविणाराचे नाव क्वचित लिहिले, घासणाराचे तर नाहीच. या अन्यायाची दखल घेण्याचा प्रसंग साठी उलटल्यावर माझ्यावर येईल, आणि तोही एका खोट्या, पुठ्ठ्याफोमाच्या हत्याराच्या निमित्ताने येईल, असे कोणी मला सांगितले असते तर मी हसून सोडून दिले असते.

प्रसंग साधा होता. आमच्या नातवाच्या शाळेत स्नेहसंमेलन होते, त्यात प्रतापगडाचा प्रवेश बसविला होता, आणि दहा वर्षांच्या या चिरंजीवांच्या वाट्याला जिवा महालाची भूमिका आली होती. ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ ही म्हण तोंडपाठ असल्यामुळे आपल्या भूमिकेचे महत्त्व त्याला कोणी पटवून द्यावे लागले नाही. १० नोव्हेंबर १६५९ च्या त्या दुपारी सय्यद बंडाचा उगारलेला हात जिवा महालाने पट्ट्याच्या वाराने छाटला, अशी बखरींची परंपरा आहे. तेव्हा पट्टा पाहिजे. बाजारात सोनेरी मुठीच्या प्लॅस्टिकच्या तलवारी ढिगाने मिळतात, गदा मिळते, धनुष्यबाण मिळतो, परंतु दांडपट्टा काही मिळत नाही.

“आजोबा, बाबा म्हणाले तुम्ही करून द्याल,” असे सांगून त्याने माझ्यासमोर पाठ्यपुस्तकातले एक चित्र धरले.

“अरे, तलवार चालणार नाही का?”

“तलवार सगळ्यांकडे आहे. जिवाकडे पट्टाच होता.”

या युक्तिवादावर अपील नव्हते.

ज्यांनी दांडपट्टा फक्त चित्रात किंवा शिवजयंतीच्या मिरवणुकीत लांबून पाहिला असेल त्यांच्यासाठी त्याची रचना थोडी सांगितली पाहिजे, कारण ती समजल्यावाचून त्याची खोटी प्रतिकृतीसुद्धा करता येत नाही. तलवारीला मूठ असते, पट्ट्याला खोबळा असतो. हा खोबळा म्हणजे पोलादाचे अर्धगोल कवच. ते मनगटाच्याही वर, थेट कोपराकडे पोहोचते आणि पंजासकट पुढचा हात झाकून टाकते. त्याच्या आत आडवा दांडा असतो, तो मुठीत धरायचा. आणि वरच्या बाजूला एक पट्टी, ती हाताभोवती येते. यामुळे पाते मनगटाच्या रेषेत सरळ पुढे निघते, हाताचीच लांबी वाढल्यासारखे. तलवारीचा वार मनगटातून फिरतो. पट्ट्याच्या बाबतीत मनगट बांधले गेलेले असल्यामुळे फेक खांद्यातून आणि कमरेतून घ्यावी लागते, आणि म्हणूनच पट्टा फिरविणारा गडी स्वतःभोवती गिरक्या घेत घेत पुढे सरकतो. पाते लांब, सरळ, बहुधा दुधारी आणि पातळ असते. पुष्कळशा पट्ट्यांना युरोपातून आलेली पाती बसविलेली आढळतात. ‘फिरंग’ हा शब्द तलवारीला लागला तोही याच व्यापारातून. २०२४ च्या फेब्रुवारी महिन्यात महाराष्ट्र शासनाने दांडपट्ट्याला राज्यशस्त्र म्हणून घोषित केले. त्या घोषणेनंतर खेळण्यांच्या कारखानदारांपैकी एखाद्याने तरी प्लॅस्टिकचा दांडपट्टा काढावयास हरकत नव्हती.

साहित्य म्हणून मी फोमबोर्ड निवडला. स्टेशनरीच्या दुकानात हा शब्द उच्चारला की दुकानदार निम्म्या वेळा सनबोर्ड काढून देतो, आणि गिऱ्हाईक तो घेऊन घरी जाते. म्हणून भेद सांगतो. सनबोर्ड म्हणून जो मिळतो तो सामान्यतः पीव्हीसीचा, एकसंध, गुळगुळीत आणि जड तक्ता. फलक लिहिण्यासाठी तो उत्तम. फोमबोर्ड हा सँडविचसारखा असतो: वर जाड कागद, खाली जाड कागद आणि मध्ये पॉलिस्टायरीनचा फेस. आपल्याला दुसरा हवा, पाच मिलिमीटर जाडीचा, आणि ए-१ मापाचा, म्हणजे ८४१ गुणिले ५९४ मिलिमीटरचा एक तक्ता पुरतो. दुकानातच तो हातात आडवा धरून एका कडेने डोळा लावून पाहावा; बाक आलेला तक्ता स्वस्तात दिला तरी घेऊ नये, कारण तो बाक शेवटपर्यंत पात्यात राहतो.

मधल्या फेसाची कुळकथा मोठी गमतीची आहे. काष्ठौषधीच्या दुकानात शिलारस नावाचे एक सुगंधी, चिकट, राळेसारखे द्रव्य मिळते; धुपात आणि औषधांत ते वापरतात. त्याच जातीच्या राळेचे ऊर्ध्वपातन करून १८३९ साली बर्लिनमधल्या एडुआर्ड सीमोन नावाच्या औषधविक्याने एक तेलकट द्रव वेगळा काढला. काही काळाने पाहतो तो द्रव आपोआप घट्ट झालेला; हा हवेचा परिणाम असावा असा त्याचा समज झाला आणि प्रकरण तिथेच थांबले. वस्तुतः त्या द्रवाचे लहान लहान रेणू एकमेकांना साखळीसारखे जोडले गेले होते, परंतु अशा प्रचंड लांबीच्या साखळ्या निसर्गात असू शकतात हे विद्वानांना पटविण्यासाठी विसाव्या शतकात हेरमान श्टाउडिंगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला वर्षानुवर्षे भांडावे लागले, आणि त्याचे नोबेल पारितोषिक १९५३ साली आले. शिलारसातून निघालेल्या त्या पदार्थाचे नाव पॉलिस्टायरीन. त्यात वायू कोंडून फुगविला की फेस होतो. आपल्या हातातल्या तक्त्याच्या गाभ्यात नव्वद टक्क्यांहून अधिक निव्वळ हवा असते. ही साखळी आणि ही हवा, दोन्ही पुढे माझ्या अंगावर आली, ते यथाक्रम सांगतो.

हत्यारे मोजकी लागतात. पोलादी फूटपट्टी, पेन्सिल, आणि टोक मोडता येणारा कटर. या कटरचा शोध १९५६ साली ओसाकामध्ये योशिओ ओकादा नावाच्या गृहस्थांना चॉकलेटच्या वडीवरील खाचा पाहून सुचला, असे सांगतात. आणि बोथट झालेले टोक काटकसरीपोटी न मोडता तसेच दामटणारे आपण लोक त्या शोधाचा दररोज अपमान करीत असतो. फोमबोर्डाला बोथट पाते चालत नाही. त्याने कागद कापला जातो आणि फेस मात्र फाटतो. कड उंदराने कुरतडल्यासारखी दिसते. कापण्याची रीत अशी की पट्टी घट्ट दाबून पहिल्या फेऱ्यात फक्त वरचा कागद कापावा, दुसऱ्या फेऱ्यात फेस आणि तिसऱ्यात खालचा कागद. एका तडाख्यात तुकडा पाडण्याची हौस ज्याला आहे त्याने दुसरा छंद शोधावा. हे काम अर्थातच वडीलधाऱ्याने करायचे. मुलाकडे आखणी द्यावी, तो ती आपल्यापेक्षा जास्त गंभीरपणे करतो.

पात्यासाठी मी सत्तर सेंटिमीटर लांब आणि साडेचार सेंटिमीटर रुंद अशा दोन पट्ट्या कापल्या. टोक तीक्ष्ण न ठेवता तांदुळाच्या दाण्यासारखे गोल घेतले. नातवाने नाराजी दाखविली, परंतु सय्यद बंडाचे काम करणारा मुलगा शेजारच्याच इमारतीतला असून त्याची आई आमच्या सूनबाईंची मैत्रीण आहे, ही राजकीय परिस्थिती त्याच्या ध्यानात आणून दिली. दोन्ही पट्ट्यांच्या आतल्या अंगाने मधोमध कागद व थोडा फेस कोरून एक उथळ खोबण केली आणि तिच्यात बांबूची कामटी बसविली. ही कामटी पात्याच्या मागे आणखी वीस सेंटिमीटर बाहेर राहू दिली. मग जुन्या लग्नपत्रिकेच्या तुकड्याने फेव्हिकॉलचा पातळ थर सर्वत्र ओढून दोन्ही पट्ट्या एकमेकींवर चिकटविल्या आणि वर ज्ञानकोशाचे खंड रचून ठेवले. दोन कागदांच्या मध्ये अडकलेले पाणी बाहेर पडायला कडेखेरीज वाट नसते, म्हणून इथे एक पूर्ण रात्र द्यावी लागते. केतकरांच्या खंडांना बऱ्याच वर्षांनी इतके भरीव काम मिळाले.

खोबळा करणे हे सबंध कामातले सर्वांत सुखाचे प्रकरण. सपाट तक्त्याला गोलाई कशी द्यावी हा प्रश्न पाहता अवघड, परंतु त्याचे उत्तर करंजीची कातण फिरविण्याइतके सोपे आहे. चोवीस सेंटिमीटर लांबीचा, पुढे रुंद आणि कोपराकडे निमुळता होत जाणारा एक तुकडा घ्यावा. त्याच्या आतल्या बाजूने लांबीला समांतर अशा एकेक सेंटिमीटरवर रेषा ओढाव्यात. आणि प्रत्येक रेषेवर आतला कागद आणि फेस कापावा, बाहेरचा कागद मात्र शाबूत ठेवावा. मग तुकडा दोन्ही हातांनी हळूहळू मिटू लागावे. प्रत्येक चीर थोडी थोडी मिटते आणि सपाट तक्ता बघता बघता पन्हाळीसारखा वळतो. चिरांत फेव्हिकॉल भरून, बाहेरून सुतळीने बांधून तो तसाच वाळवायचा. बाहेरचा कागद एकसंध राहिल्यामुळे गोलाई गुळगुळीत दिसते, अगदी जवळून पाहिले तर नरसाळ्यासारखे किंचित पैलू जाणवतात, आणि ते पुढे कागदाच्या थराखाली बुजतात.

आडव्या दांड्यासाठी मी एका निवृत्त लाटण्याचा तुकडा वापरला. खोबळ्याला आरपार भोके पाडून तो बसविला, पण भोकांच्या आतबाहेर जाड पुठ्ठ्याच्या चकत्या चिकटविल्या, कारण नुसत्या फेसावर लाकडाचा भार आला की भोक रुंदावते आणि ऐन प्रवेशात दांडा निसटतो. पात्यामागे राहिलेली बांबूची कामटी खोबळ्याच्या आतून नेऊन याच दांड्याला सुतळीने आवळून बांधली. हा सांधा म्हणजे दांडपट्ट्याचे मर्म. घरी केलेल्या खोट्या शस्त्रांपैकी बहुतेक पाते आणि मूठ यांच्या मध्येच मोडतात, कारण तिथे करणाऱ्याने गोंदावर विश्वास टाकलेला असतो. खऱ्या पट्ट्यातही खोबळ्यातून दोन पोलादी जिभा पात्याच्या दोन्ही अंगांवर उतरलेल्या असतात आणि पाते त्यांच्या मध्ये रिबिटांनी जखडलेले असते. त्या जिभा मी पुठ्ठ्याच्या केल्या.

इथवरचे काम रविवारच्या एका दुपारी आणि सोमवारच्या संध्याकाळी झाले होते. समोर जे होते ते दांडपट्ट्याच्या आकाराचे होते यात शंका नाही; परंतु ते पाहून आमच्या सूनबाईंनी “बाबा, छान झालंय” असे ज्या स्वरात म्हटले, त्या स्वरात लहान मुलांच्या चित्राला छान म्हणतात. दोष कोठे आहे हे मला लगेच कळले. तो कडेत होता. फोमबोर्डाच्या वस्तूचे सगळे बिंग तिच्या कडा फोडतात: वर एक कागदाची रेघ, खाली एक कागदाची रेघ आणि मध्ये पांढरा, सच्छिद्र फेस. रंगाचे कितीही हात मारा, तो फेस रंग पितो आणि उघडाच दिसत राहतो. लोहाराचे काम संपले होते. शिकलगाराचे सुरू व्हायचे होते.

त्या रात्री मी जे केले ते कबूल करणे भाग आहे. घरात दुरुस्तीच्या कामातून उरलेला चंदेरी स्प्रेचा एक डबा होता. एका फवाऱ्यात पोलाद तयार होईल अशा समजुतीने मी पाते गॅलरीतल्या वर्तमानपत्रावर ठेवले आणि फवारा मारला. कागदाचा पृष्ठभाग सुरेख चकाकला. मग कडांकडून एक बारीक चुरचुर ऐकू आली, तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तशी, आणि माझ्या देखत दोन कागदांच्या मधला फेस आत आत ओढला जाऊ लागला. मिनिटभरात कडा पोकळ झाल्या. पाते उसाच्या चिपाडासारखे चपटले. यात कोणाची फसवणूक नव्हती. डब्यावर बारीक अक्षरांत सर्व लिहिलेले होते आणि ते मी दुसऱ्या दिवशी भिंगाने वाचले. फवाऱ्याच्या रंगात टोल्युइन, अ‍ॅसिटोन यांसारखी जी द्रावके असतात ती पॉलिस्टायरीनच्या साखळ्या सोडवून टाकतात. उष्णतेने वितळण्याचा हा प्रकार नव्हे. मीठ पाण्यात विरघळावे तसा फेस विरघळतो, आणि त्यात कोंडलेली हवा मोकळी झाली की मागे फक्त एक चिकट पापुद्रा उरतो. शिलारसातून निघालेला पदार्थ आपल्या मूळ रूपाकडे परत चालला होता.

दुसरे पाते केले. या वेळी सबुरीने.

कडेचा इलाज असा. पात्याच्या दोन्ही बाजूंनी कडेपासून बारा मिलिमीटरवर एक रेघ आखायची, तिच्यावरून फक्त कागद कापायचा आणि कडेची ती चिंचोळी पट्टी सोलून काढायची. ओले बोट किंचित फिरविले तर कागद सालासारखा सुटतो. मग उघड्या पडलेल्या फेसाला कटर अगदी आडवा धरून आणि नंतर लाकडी ठोकळ्याला गुंडाळलेल्या पॉलिशपेपरने उतार द्यायचा. दोन्हीकडून उतार दिला की मध्ये धारेसारखी एक रेषा येते. दुधारी पात्याला असा उतार चारदा द्यावा लागतो. फेसाची पांढरी भुकटी सर्वत्र उडते, म्हणून नाकाला रुमाल हवा. एवढे झाल्यावर पतंगाच्या कागदाच्या पट्ट्या पाणी मिसळलेल्या फेव्हिकॉलात बुडवून कडेवरून आडव्या चिकटवीत जायचे. हा कागद ओला झाला की फेसाच्या प्रत्येक उंचसखलाशी जुळवून घेतो आणि वाळला की चामड्यासारखा ताणतो.

त्यावर अस्तर. फेव्हिकॉल, तितकेच पाणी आणि खडूची वस्त्रगाळ भुकटी यांचे दाट ताकासारखे मिश्रण करून त्याचे तीन हात द्यायचे, प्रत्येक हात वाळला की २२० नंबरच्या पॉलिशपेपरने आणि शेवटी ४०० नंबरने घासायचे. ही युक्ती माझी नव्हे. सावंतवाडीच्या गंजिफांच्या पानांना चिंचोक्याची खळ आणि खडू यांचे लेप देऊन घोटतात ते याच हेतूने: खालच्या वस्तूचा पोत पूर्ण मरावा आणि वर रंगाला नवी, गुळगुळीत जमीन मिळावी. एक खबरदारी मात्र कोणी सांगत नाही. अस्तराचा हात एका बाजूला देऊन ती वाळेपर्यंत दुसरी कोरडी ठेवली, तर ओला कागद आधी फुगतो, मग आक्रसतो आणि पाते धनुष्यासारखे वाकते. म्हणून दोन्ही अंगांना एकाच वेळी हात द्यावा आणि पाते दोरीला लटकवून वाळवावे. आमचे पाते चार दिवस कपड्यांच्या दांडीवर पायमोज्यांच्या शेजारी लोंबत होते.

खोबळ्यावरची नक्षी मी खाऊच्या डब्यांतून गोळा केली. कडेने जाड सुतळी चिकटविली, ती अस्तराखाली गेल्यावर ओतीव किनार वाटू लागली. रिबिटांच्या जागी हरभऱ्याची डाळ, सपाट बाजू खाली करून. डाळ आधी कोरडी भाजून घ्यावी, नाहीतर एका पावसाळ्यात आपल्या शस्त्राला भुंगेरे लागतात. शिलेखान्यात गंज लागतो, आमच्याकडे भुंगेरे, इतकाच फरक.

आता रंग. पोलाद म्हणजे चंदेरी, ही समजूत मुलांची असते तशी मोठ्यांचीही असते. गणपतीच्या मखराला बेगड लावतात तसा अ‍ॅल्युमिनियमचा कागद पात्यावर गुंडाळला तर तो चकाकतो खरा, पण चकाकतो तो बेगडासारखाच. पोलाद कसे दिसते हे पाहण्यासाठी मला संग्रहालयात जावे लागले नाही. स्वयंपाकघरातली जुनी लोखंडी विळी मी खिडकीशी नेऊन पाव तास पाहत बसलो. तिचे अंग जवळजवळ काळे असते. त्या काळ्यात निळसर, करडे, मधूनच तपकिरी ढग असतात, लिंबाआंब्याने आलेले. उजळ असते ती फक्त धारेची अर्ध्या बोटाची पट्टी, आणि तीही सर्वत्र सारखी नाही; जिथे हात रोज पडतो तिथे पांढरीशुभ्र, टोकाकडे मंद. माझे पाते पोलादासारखे दिसावयाचे असेल तर ते आधी काळे झाले पाहिजे, हे विळीने शिकविले.

त्याप्रमाणे सबंध पात्याला काळ्या अ‍ॅक्रिलिक रंगाचा हात दिला. हा रंग पाण्यातला असल्यामुळे फेसाला इजा करीत नाही. तो वाळल्यावर चंदेरी अ‍ॅक्रिलिकमध्ये चपटा कुंचला बुडवून तो चिंधीवर इतका पुसायचा की त्यात रंग उरलाच नाही असे वाटावे, आणि मग मुठीकडून टोकाकडे, एकाच दिशेने, हलक्या हाताने फिरवीत राहायचे. उंचवट्यांवर चंदेरी धरते, खोलगटात काळे राहते, आणि कुंचल्याच्या केसांच्या बारीक रेघा घासलेल्या धातूच्या रेघांसारख्या उमटतात. धारेच्या उतारावर हा हात पाचसहा वेळा, मधल्या भागावर एकदोनदाच. खोबळ्याला खाली पिवळी माती आणि वर सोनेरी. थेट काळ्यावर सोनेरी दिल्यास पितळ हिरवट दिसते. शेवटी पातळ तपकिरी पाणी सर्वत्र ओतल्यासारखे लावून लगेच फडक्याने टिपून घेतले. डाळीच्या रिबिटांच्या बुडाशी आणि सुतळीच्या पिळात जे राहिले ते राहिले. खोबळ्याला त्या क्षणी तीनशे वर्षांचे वय प्राप्त झाले.

नातू शाळेतून आला, त्याने दप्तर टाकले आणि पट्ट्याला हात लावण्याआधी तो विळीसारखाच खिडकीशी उभा राहून पाहत राहिला. मग त्याने उचलला आणि दचकला. “आजोबा, हा तर हलका आहे!” डोळ्याला पोलाद दिसत होते आणि हाताला काहीच लागत नव्हते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तो सव्वादोनशे ग्रॅम भरला. खोट्या शस्त्राचा गुण या विरोधात आहे, असे माझे मत आहे. खरे पाते बाळगण्यावर १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि त्याखालचे परवान्याचे नियम लागू होतात, आणि ते योग्यच आहे. आमचे पाते समोरच्याच्या खांद्यावर जोराने आपटले तर मोडायचे ते पाते. तरीसुद्धा डोळ्यांच्या उंचीवर वार करावयाचा नाही आणि बांबूच्या कामटीचे टोक पात्याच्या टोकापासून चार बोटे अलीकडेच थांबले पाहिजे, हे दोन नियम आम्ही घालून घेतले.

एका गोष्टीची टोचणी मात्र राहिली. फोमबोर्डाचा गाभा थर्माकोलचाच भाऊबंद आहे, आणि २०१८ साली महाराष्ट्र शासनाने थर्माकोलच्या ताटवाट्यांवर आणि सजावटीवर जी बंदी घातली ती विनाकारण घातली नव्हती; हा पदार्थ मातीत जात नाही, जाळला तर काळाकुट्ट, विषारी धूर सोडतो. म्हणून उरलेले तुकडे मी फेकले नाहीत, त्यांच्यापासून दिवाळीच्या किल्ल्याचे बुरूज करायचे ठरले आहे. आणि पट्टा एका संमेलनापुरता न करता मुलगा पंधरा वर्षांचा होईपर्यंत टिकेल असा केला. खोबळ्याची आतली पट्टी यासाठीच शिवणकामाच्या इलॅस्टिकची आहे. ज्यांना हेही पटत नसेल त्यांनी खोक्याचा पन्हाळी पुठ्ठा वापरावा. वजन वाढते आणि कडा बुजवायला दुप्पट कागद लागतो, पण बाकी सारी कृती तीच.

संमेलनात प्रवेश चांगला झाला. सय्यद बंडाचा हात ठरल्याप्रमाणे तुटला. पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी नंतर पट्टा हातात घेऊन “कोठून आणला?” असे विचारले आणि वजन जाणवताच तो दोन्ही हातांनी परत केला, जणू काही मोडले की काय.

शाळांकडून वेषभूषेची चिठ्ठी बहुधा आदल्या आठवड्यात येते. तिच्या भरवशावर राहू नये. दांडपट्ट्याला, पहिले पाते स्प्रेने न जाळल्यास, नऊ दिवस लागतात. त्यांतले दोन लोहाराचे आणि सात शिकलगाराचे.